गोळी डब्यातच का राहते?

पत्राचा सारांश : नागपुरात राहणारी २८ वर्षांची वाचक. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन पाच वर्षं एका संस्थेत काम करते, पगार ३४,००० रुपये. जिल्ह्यातल्याच एका तालुक्यात गरोदर आणि बाळंतीण बायकांनी लोहाच्या गोळ्या नियमित घ्याव्यात, यासाठी संस्थेला नवा प्रकल्प मिळतो आहे. गेल्या वर्षी तिने वर्तनविज्ञानाचा (माणसं कशी वागतात आणि ते वागणं कसं बदलतं, याच्या शास्त्राचा) ऑनलाइन अभ्यासक्रम केला आणि त्यावरून प्रस्ताव लिहिला: मोबाइलवर रोज आठवणीचा संदेश, खुणा करायला भिंतीवर कॅलेंडर, आणि गोळ्या चुकवणाऱ्यांना अशक्त बाळाचा फोटो. बैठकीत एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "पोटात अन्न नाही अन् तुम्ही कॅलेंडर लावून राहिल्या." एक आशाताई आत गप्प बसल्या. बाहेर आल्यावर मात्र म्हणाल्या, "ताई, आमच्या बाया तुम्हाला येड्या वाटतात का?" त्यानंतर तिचं कामावर मन लागत नाही. त्यातच लंडनमधल्या एका विद्यापीठात याच विषयाच्या वर्षभराच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला आहे. खर्च ३८ लाख, सगळं कर्ज, तारण म्हणून मानेवाड्याचं घर. वडील एसटीतून निवृत्त झालेले. पैसे भरायला पाच आठवडे उरलेत. ती विचारते: हे शास्त्र म्हणजे गरिबांना गोड बोलून फसवणं आहे का? आणि मी जाऊ की थांबू?

प्रिय मैत्रिणी,

तू मला ताई म्हटलंस आणि वयाने माझ्या मुलीएवढी आहेस, म्हणून 'तू'च म्हणते. पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी एका वाक्यापाशी थांबले. तू लिहिलंस, "आपल्या लोकांना कळतं पण वळत नाही, आणि वळवायचं कसं हे आता शास्त्राने सांगितलं आहे." ही म्हण आरोग्याच्या कामात आम्हा सगळ्यांच्या तोंडी असते, मीही आयुष्यभर वापरली. पण ती म्हणताना आपण दोन गोष्टी न तपासता धरून चालतो. समोरच्या बाईला जे कळायला हवं ते आपण खरोखर सांगितलेलं आहे, ही एक. आणि तिने वळायचं ठरवलं तर वळायला वाट आहे, ही दुसरी. तुझे दोन्ही प्रश्न मला याच जागी अडकलेले दिसतात, म्हणून आधी याबद्दल बोलू. लंडनकडे नंतर येऊ.

तुझ्या वयाची असताना मी भिवापूरच्या बाजूच्या गावांत याच गोळ्यांवर बोलत फिरायचे. लोह म्हणजे काय, रक्त कसं तयार होतं, बाळाला काय होतं. बाया माना डोलवायच्या. विचारलं की "हो, खातो ना" म्हणायच्या. एका घरी पाणी प्यायला थांबले होते. सून सहा महिन्यांची गरोदर. साखर काढायला तिने फळीवरचा डबा उघडला, तर आत लाल गोळ्यांच्या सहा पट्ट्या, एकही न फोडलेली. मी काही बोलायच्या आत तीच बोलली, "बाई, गोळी खाल्ली का पोटात ढवळते. सकायी मिरची तोडाले जा लागते. तिथं ओकारी आली त मुकादम घरी धाडते. मंग रोज कोन देईन?" आणि मग आवाज खाली आणून, "अन् संडास काळी होते. सासू म्हणे, आतून काही सडलं असन."

मी वर्षभर भाषणं देत होते आणि लोहाच्या गोळीने शौचाला काळं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, हे एकदाही सांगितलं नव्हतं. सांगायला संकोच वाटायचा. गोळी रात्री जेवल्यावर घेतली तर बऱ्याच जणींना मळमळ कमी होते, हेही नाही. तिला लोहाचं महत्त्व माझ्याइतकं पाठ होतं. पण जे कळायला हवं होतं ते तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सकाळी गोळी घ्यायची तर मजुरी जात होती. तिने हिशेब केला होता आणि तिच्या जागेवरून तो बरोबर होता.

गरोदर बाईकडून आपण आज काय मागतो ते एकदा कागदावर लिहून बघ. चौथ्या महिन्यापासून रोज एक लोहाची गोळी, किमान १८० दिवस. बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. शिवाय कॅल्शियमच्या रोज दोन. कॅल्शियम जेवणासोबत, पण लोहाच्या गोळीबरोबर नाही, कारण दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह नीट शोषलं जात नाही. चहाबरोबरही लोह नको. दिवसाला तीन गोळ्या, तीन वेळा, आणि मध्ये अंतराची अट. हे सगळं घड्याळ न बघता शेतावर जाणाऱ्या, पहाटे चहावर दिवस सुरू करणाऱ्या बाईने सांभाळायचं. तिचं चुकलं की आपल्या नोंदीत शब्द येतो 'उदासीनता'. तुझ्या प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर तो तीनदा आलाय. आशाताईंना तोच लागला असावा.

आता तू ज्या शास्त्राचं नाव घेतेस त्याबद्दल. त्यातली जी उदाहरणं माझ्या मनात टिकली, ती सगळी याच दिशेने बोट दाखवतात. उदयपूरचा लसीकरणाचा प्रयोग तू अभ्यासक्रमात नक्की वाचला असशील. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उदयपूर जिल्ह्यातल्या १३४ गावांत तो केला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध केला. काही गावांत नेहमीचीच व्यवस्था ठेवली. काही गावांत दर महिन्याला ठरल्या दिवशी न चुकता लसीकरण शिबिर भरवलं. आणखी काही गावांत शिबिर तर होतंच, वर प्रत्येक लशीला एक किलो डाळ आणि सगळ्या लशी पूर्ण झाल्यावर ताटांचा संच. पूर्ण लसीकरण झालेली मुलं पहिल्या गटात ६ टक्के, दुसऱ्यात १८, तिसऱ्यात ३९.

हा प्रयोग सांगताना सगळे डाळीवर येऊन थांबतात. डाळीची गोष्ट आहेच मोठी. लशीवरचा आईचा विश्वास डाळीने वाढला नाही, तो आधीपासून होता. 'पुढच्या महिन्यात बघू' असं जे रोजच्या धबडग्यात होतं, त्याऐवजी 'आजच जाऊ' म्हणायला तिला एक छोटं कारण मिळालं. शिवाय नर्सचा पगार तोच आणि येणारी मुलं दुप्पट, त्यामुळे डाळीचा खर्च धरूनही पूर्ण लसीकरण झालेल्या प्रत्येक मुलामागे खर्च जवळपास निम्म्यावर आला. पण तू ६ वरून १८ कडे नीट बघ. तिथे कोणाला काही आमिष दिलेलं नाही. मुख्य बदल एवढाच की नर्स ठरल्या दिवशी ठरल्या जागी आली. मुलं तिप्पट झाली! लांबून चालत आलेल्या आईला बंद दार दिसलं नाही, तर ती पुढच्या वेळी येते. आणि डाळ देऊनही शंभरातली ६१ मुलं राहिलीच, हेही त्याच तक्त्यात आहे.

दुसरं उदाहरण केनियाचं. डफ्लो, मायकल क्रेमर आणि जोनाथन रॉबिन्सन यांनी तिथल्या मका पिकवणाऱ्या शेतकऱ्यांबरोबर काम केलं. (बॅनर्जी, डफ्लो आणि क्रेमर या तिघांना पुढे २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.) खत फायद्याचं आहे हे शेतकऱ्यांना माहीत होतं, पुढच्या हंगामात घेणार असंही ते म्हणायचे. पण पीक निघाल्यावर हातात आलेला पैसा पेरणीपर्यंत उरायचा नाही. मग पीक निघाल्या निघाल्या, पैसा हातात असतानाच, खताची आगाऊ खरेदी करा, घरपोच फुकट आणून देऊ, असं सांगितलं. पेरणीच्या तोंडावर दिलेल्या मोठ्या सवलतीने जेवढं साधलं असतं, तेवढं या छोट्या सोयीने साधलं. हे वाचताना मला आपला कापूस आठवतो. दिवाळीनंतर पैसा येतो, लग्नं, देणी, दवाखाना यांत जातो, आणि मृगाच्या तोंडावर शेतकरी कृषी केंद्राच्या उधारीवर बियाणं उचलतो. त्या वेळी त्याला बचतीचं महत्त्व सांगणारी पुस्तिका वाटणं आणि फेब्रुवारीतच त्याच्या दारात काही सोय नेणं, यांत केवढं अंतर आहे बघ.

म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर असं: हे शास्त्र फसवणूक नाही, पण कुठून सुरुवात करतेस त्यावर ते फसवणूक होऊ शकतं. 'या बाईला वळवायचं कसं' इथून निघालीस तर चिमटे काढणारे संदेश सुचतात. 'हिच्या वाटेत काय पडलंय' इथून निघालीस तर रात्रीची गोळी सुचते.

अशक्त बाळाचा फोटो प्रस्तावातून काढून टाक, ही माझी कळकळीची विनंती आहे. एक कसोटी मी स्वतः वापरते. जे करणार आहोत ते त्या बाईला तिच्या ओसरीवर बसून उघड सांगता येईल का? 'तुला रोज रात्री आठवण यावी म्हणून संदेश पाठवतो आहे', हे सांगता येतं, आणि सांगूनही संदेशाचं काम होतं. 'तुला अपराधी वाटावं म्हणून हा फोटो पाठवतो आहे', हे सांगता येईल तुला? आणि तिचं बाळ उद्या खरंच कमी वजनाचं जन्मलं, तर तो फोटो तिच्या मोबाइलमध्ये असेल.

लाज वापरण्याचा मोह आपल्याकडे नवा नाही. हागणदारीमुक्तीच्या काळात महाराष्ट्रात गावोगाव 'गुड मॉर्निंग पथकं' निघायची. पहाटे टमरेल घेऊन निघालेल्यांना अडवायची, कुठे गुलाबाचं फूल हातात द्यायची, कुठे फोटो काढायची. आडोसा शोधत निघालेल्या म्हाताऱ्या बाईला चारचौघांत थांबवलेलं मी पाहिलंय, आणि ते दृश्य अजून जात नाही. ज्या गाडगेबाबांच्या नावाने आपण ग्रामस्वच्छता अभियान चालवलं, त्यांची रीत आठव. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा हा माणूस गावात आला की आधी खराटा घेऊन स्वतः गाव झाडायचा. कीर्तन रात्री. आणि कीर्तनातही प्रश्न विचारत जायचे, लोकांच्या तोंडून उत्तर काढायचे. लोकांच्या वागण्याचा त्यांच्याइतका जाणकार विदर्भाने दुसरा पाहिला असेल असं मला वाटत नाही, आणि त्यांनी सुरुवात केली ती स्वतःच्या हाताने वाट साफ करण्यापासून.

तुझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचं बोलणं कडू लागलं असेल, पण ते उडवून लावू नकोस. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत तो आकडा ५३ होता. मध्येच, २०१८ मध्ये, 'अ‍ॅनिमियामुक्त भारत' सुरू झालं होतं आणि त्यात वर्तनबदलाला स्वतंत्र स्थान होतं. ताटात डाळ, पालेभाजी, फळ नसेल तर नुसत्या गोळीवर किती भार टाकणार? पण 'आधी अन्न' म्हणत गोळीचं काम सोडून देणंही मला पटत नाही. आज सहावा महिना असलेली बाई धान्याचा प्रश्न सुटेपर्यंत थांबू शकत नाही. तुझ्या प्रकल्पात दोन्हींना जागा हवी, निदान अंगणवाडीतून मिळणारा आहार तिच्यापर्यंत पोहोचतो का, एवढं बघायला तरी.

आणि विदर्भात आणखी एक गोष्ट आहे, जी तुझ्या प्रस्तावात मला कुठेच दिसली नाही. सिकलसेल. आपल्या भागात अनेक समाजांत हा आनुवंशिक आजार आहे. त्यातून येणारा रक्तक्षय नुसत्या लोहाने भरून निघत नाही, आणि वारंवार रक्त चढवावं लागणाऱ्यांच्या अंगात तर लोह साठून बसतं. त्यांना गोळी किती आणि द्यायची का, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. २०२३ च्या जुलैत केंद्राने सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं, तपासण्या होताहेत. तुझ्या यादीतल्या किती जणींची तपासणी झालीय? महिनोन् महिने गोळ्या घेऊनही अशक्तपणा न गेलेली बाई शेजारणीला सांगते, 'काही फायदा नाही.' तिला दहा संदेश पाठवण्याआधी तिचं रक्त तपासायला हवं. इथे निदानच राहून गेलेलं असतं आणि आपण वागणं सुधारायला निघतो.

प्रस्तावातलं दुसरं एक वाक्य मला खटकलं: 'एका वर्षात गोळ्यांचं सेवन दुप्पट होईल.' कशावरून? आठवणीच्या संदेशासारख्या छोट्या उपायांनी लोकांचं वागणं बदलतं का, याच्या अमेरिकेतल्या दोन संस्थांनी सरकारी कामांत केलेल्या १२६ प्रयोगांचा एकत्र अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत एकूण दोन कोटींहून जास्त लोक होते. संशोधनपत्रिकांत छापून आलेल्या अशा प्रयोगांत सरासरी फरक ८.७ टक्केबिंदूंचा, म्हणजे शंभरात जवळपास नऊ जण जास्त, असा दिसत होता. प्रत्यक्ष सरकारी पातळीवरच्या सगळ्या प्रयोगांत, छापलेल्या आणि न छापलेल्या, तो १.४ निघाला. दीड टक्काही लाखो लोकांवर मोलाचाच असतो, विशेषतः खर्च एका संदेशाएवढा असेल तर. पण दुप्पट नाही. याच क्षेत्रातला २०१२ चा एक गाजलेला निबंध होता: अर्जाच्या वरच्या बाजूला प्रामाणिकपणाची सही घेतली तर लोक खरं लिहितात. तो बऱ्याच ठिकाणी उचलला गेला. पुढे त्यातली आकडेवारी बनावट असल्याचं उघड झालं आणि २०२१ मध्ये निबंध मागे घेतला गेला. हे तुला घाबरवायला सांगत नाही. देणगीदाराला कमी सांग आणि खरं मोजून दाखव, एवढंच म्हणते. दुप्पट लिहून दिलंस की वर्षअखेरीला आशाताईंवर दबाव येईल, त्या वहीत खुणा करतील, आणि गोळ्या डब्यातच राहतील.

मग करायचं काय? तुझ्यासारख्या अनेक जणी जिल्हाजिल्ह्यांत हेच काम करताहेत, म्हणून जरा खुलासेवार लिहिते.

प्रकल्प सुरू व्हायच्या आधी वीस घरी जा. 'गोळी घेता का' असं विचारू नकोस, त्याचं उत्तर 'हो' हेच येतं. काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय केलं ते सांग म्हणावं, आणि त्या दिवसात गोळी कुठे बसते ते ऐक. नंतर, परवानगी घेऊन, पट्ट्या मोज. किती फोडलेल्या, कुठे ठेवलेल्या, देवळीत की संदुकीत. सासूशी वेगळं बोल. उपकेंद्रात गेल्या सहा महिन्यांत गोळ्यांचा साठा किती दिवस शून्य होता, ते नोंदवहीत बघ. माझा अनुभव असा की निम्मी उत्तरं तिथेच मिळतात, आणि ज्या महिन्यात गोळ्याच नव्हत्या त्या महिन्यात आठवणीचा संदेश पाठवणं म्हणजे त्या बाईची थट्टा होते.

त्यातून जे दिसेल त्यावर एकच साधा बदल निवड. मला विचारशील तर मी पहिल्या पट्टीबरोबरच तीन वाक्यं सांगण्यापासून सुरू करेन: शौचाला काळं होईल, घाबरू नको. मळमळ झाली तर रात्री जेवून घे. बद्धकोष्ठ झालं तर गोळी बंद न करता आम्हाला सांग. कॅलेंडर मला वाईट वाटत नाही, पण ते भिंतीवर लावून सासूसासऱ्यांसमोर परीक्षेचा तक्ता करू नकोस. रात्री हात जिथे जातोच, मिठाच्या बरणीजवळ किंवा दिव्याच्या बटणाखाली, तिथे पट्टी ठेवायला सुचव. लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर मात्र. लोहाच्या गोळ्या मुलांना धोकादायक असतात.

सांगणार कोण, हेही गावालाच विचार. कर्नाटकात बॅनर्जी, डफ्लो आणि सहकाऱ्यांनी गावकऱ्यांना एक सोपा प्रश्न विचारला होता: गावभर एखादी बातमी पोहोचवायची तर कोणाला सांगावं? लोकांनी ज्यांची नावं घेतली त्यांच्याकडून बातमी जास्त दूर गेली, मानमरातब पाहून निवडलेल्यांकडून तेवढी गेली नाही. तुझ्या गावात ती व्यक्ती सरपंचबाई असेलच असं नाही. कदाचित पिठाच्या गिरणीवरची असेल, किंवा बांगड्या भरायला घरोघर फिरणारी.

आणि मोजणी. तीस गावं असतील तर आशाताईंसमोरच चिठ्ठ्या टाक. पंधरा गावांत बदल आत्ता, पंधरांत सहा महिन्यांनी. कोणालाच वगळलं जात नाही, आणि आपण केल्याने फरक पडला की आपोआप पडला, हे कळतं. मोजताना पट्ट्यांवरच अवलंबून राहू नकोस, रिकामी पट्टी दाखवण्यासाठी गोळ्या फेकल्या जातात. हिमोग्लोबिन बघ. फरक दिसला नाही तर तेही लिही, आणि लिहिशीलच असं देणगीदाराला आधीच सांगून ठेव.

आता लंडन. तू विचारलंस जाऊ की थांबू, जणू दोनच दारं आहेत. शिकण्याची तुझी ओढ खरी आहे आणि मी ती अडवणार नाही. मला चिंता कर्जाची आहे. ३८ लाख, साडेदहा टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे ५१,००० रुपये होतात. शिकत असतानाचं व्याज आणखी वेगळं. तुझा आजचा पगार ३४,०००. म्हणजे परतल्यावर कुठे काम करायचं हे तू ठरवणार नाहीस, हप्ता ठरवेल. तामिळनाडूतल्या ऊस उत्पादकांवरचा २०१३ चा अभ्यास तू वाचला असशील. तेच शेतकरी तोडणीआधी, पैशाच्या ओढाताणीत असताना, आकलनाच्या चाचण्यांत मागे पडले आणि तोडणीनंतर सुधारले. त्या निष्कर्षाच्या आवाक्यावर नंतर वाद झाले, पण ज्याने ओढाताण पाहिलीय त्याला मूळ गोष्ट पटते. गावातल्या बाईबद्दल आपण हे मान्य करतो. मानेवाड्यातल्या तुझ्या घराबद्दलही ते तितकंच खरं आहे, आणि तारण बाबांच्या आयुष्यभराच्या कमाईचं आहे.

पाच आठवड्यांची मुदत तुझ्या मनावर काय करतेय तेही बघ. 'आत्ता नाही तर कधीच नाही' असं वाटतंय ना? विद्यापीठाला आजच लिहून विचार, प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का. अनेक विद्यापीठं ही विनंती ऐकतात. त्या वर्षात शिष्यवृत्त्यांसाठी अर्ज कर. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती वर्षभराच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठीच असते. दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागते, तुझ्याकडे पाच आहेत. शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट असते, ती तुला जाचक वाटू नये. राष्ट्रकुल शिष्यवृत्तीचंही बघ, आणि पात्रतेत बसत असशील तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे. दरम्यान एमआयटीचा विकास-अर्थशास्त्र आणि आकडेवारीचा ऑनलाइन अभ्यासक्रम घरबसल्या करता येतो. बॅनर्जी आणि डफ्लो स्वतः त्यात शिकवतात, शिकणं फुकट आहे, प्रमाणपत्रासाठीच फी, तीही उत्पन्न पाहून. चिठ्ठ्या टाकून केलेल्या तुलनेचं गणित तिथे चांगलं शिकायला मिळेल आणि ते तुला तीस गावांत लगेच लागेल.

शिष्यवृत्ती मिळाली तर बिनघोर जा. न मिळाली आणि कर्ज दहा-बारा लाखांवर आणता आलं, घर तारण न ठेवता, तरीही मी जा म्हणेन. आज आहे त्या अटींवर मात्र माझं मत 'थांब' असं आहे. तुझ्यात काही कमी आहे म्हणून हे म्हणत नाही. 'आशाताईंना तोंड दाखवायला नको' हे कारण तुझ्या पत्रात दोन ओळींच्या मध्ये मला दिसलं, आणि ३८ लाखांचा निर्णय त्या कारणावर उभा राहू नये. बाबांशी बोलताना हप्त्याचा कागद पुढे ठेव. 'बघू, होईल' म्हणून ते सही करतील, वडील करतातच. आकडा त्यांनीही पाहिलेला असू दे.

आशाताईंकडे तू उद्याच जावंस असं मला वाटतं. प्रस्ताव घेऊन जाऊ नकोस, समजवायलाही नको. त्यांच्याकडे एक वही असते, कोणाला कितवा महिना, कोणाला गोळी सोसत नाही, कोणाचा नवरा बाहेरगावी, सगळं त्यात असतं, आणि त्या वहीसाठी कोणी त्यांना कधी बसवून चहा पाजलेला नसतो. त्यांना म्हण, तुम्ही त्या दिवशी जे विचारलंत ते माझ्या मनातून जात नाही. मग ती वही उघडायला सांग, आणि पहिली वीस घरं त्यांनाच निवडू दे.

तुझी,
ताई